जुन्या मोटारीतून हरिहरेश्वर

कोकणच्या प्रवासाचे वर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे माडांच्या रांगा, पांढरी वाळू आणि मावळतीचा लाल सूर्य उभा राहतो. आमच्या प्रवासात हे सर्व होते. तथापि या लेखात त्यास थोडे मागे बसावे लागले आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागून ठेवतो. मांडव्यापासून नांदगावापर्यंतच्या वाटेत आमचा बराचसा वेळ समुद्राकडे पाठ करून, मोटारीच्या बॉनेटखाली डोके घालण्यात गेला. त्या डोके घालण्यातून जे हाती लागले, ते माडांच्या रांगांहून कमी मोलाचे नाही असे वाटते, म्हणून हा लेख.

आमची मोटार १९८६ सालची फियाट. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या कारखान्यातून, कुर्ल्याहून बाहेर पडलेली, पुढे ‘पद्मिनी’ या नावाने प्रसिद्धीस आलेली ती जात. त्या काळी नंबर लावून मोटारीची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडिलांनी तशी वाट पाहून ती घेतली आणि दारात आली त्या दिवशी आईने तिच्यापुढे नारळ फोडून चाकांवर हळदकुंकू वाहिले. या मोटारींची निर्मिती २००० सालाच्या सुमारास थांबली. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावणारी त्यांतील शेवटची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची मात्र अद्याप दादरच्या वाड्यात उभी आहे. नोंदणीस पंधरा वर्षे झाल्यावर खाजगी मोटारीची दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण करावे लागते. ते आम्ही नियमाने करीत आलो.

वडिलांचे निधन २०१९ साली झाले. त्यांच्या मागे एकदा कुलदैवताचे, म्हणजे हरिहरेश्वरच्या काळभैरवाचे दर्शन घ्यावे, आणि तेही यांच्याच मोटारीतून घ्यावे, अशी आईची इच्छा होती. २०२० च्या उन्हाळ्यात जाण्याचे ठरले, तो देश साथीमुळे बंद झाला; आणि ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने मुरुड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरील वाड्या उलथून टाकल्या. जाणे लांबले. पुढे मोटारच रुसू लागली. चालता चालता मध्येच बंद पडावी, पाऊण तास उभी राहावी आणि मग कोणी काही न करता सुरू व्हावी. दिवे लावले की तेवढ्यात मंद व्हावेत. चार्जिंगचा तांबडा दिवा, जो इंजिन चालू असता विझावयास हवा, तो काजव्यासारखा मिणमिणत राहावा.

आम्ही काय केले नाही? प्रथम उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होते म्हणून पंपावर ओले फडके बांधले. हिवाळ्यातही ती बंद पडू लागली, तेव्हा फडके सोडले. मग पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, प्लग बदलले, कॉइल बदलली. अखेर बॅटरीही नवी आणली. प्रत्येक नव्या भागानंतर चार दिवस बरे जात, आणि पाचव्या दिवशी मूळचेच दुखणे. धाकट्या बंधूंचे मत असे की, वस्तूचे आयुष्य संपले म्हणजे तीस निरोप द्यावा, भंगारात घालावी. आमचे मत निराळे होते. परंतु त्यास आधार भावनेवाचून कशाचाच नव्हता. या प्रश्नावरून आम्हां दोघा भावांत वर्षभर नीटसे बोलणे राहिले नाही. शेवटी तोड निघाली ती आईच्या शब्दाने. ती म्हणाली, “अरे, एकदा मला तीतून देवाला नेऊन आणा. मग विका, मोडा, काय हवे ते करा. मी ब्याऐंशी वर्षांची; मला फार दिवस थांबता येत नाही.”

यावर कोण काय बोलणार? संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यावयाची होती. मागे आई व सौ., पुढे आम्ही, बंधू आणि दोघांच्या मध्ये आमची बारा वर्षांची कन्या अशी मंडळी पहाटे निघाली. भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसांना मांडव्यास नेणारी मोठी बोट मार्च २०२० पासून सुरू झाली आहे. तासाभरात मांडवा आले. उतारू मोटारींची रांग सुरू झाली आणि आमची मोटार तीन वेळा घरघरून निश्चल झाली. मागील लोकांनी भोंगे वाजविले, बोटीवरील चौघांनी ढकलून आम्हांस धक्क्यावर आणले. बंधूंनी बॅटरीची टोके हलविली, आणि गाडी सुरू झाली. “टोकेच ढिली होती,” असा निर्णय त्यांनी दिला. आम्ही तो मानला. कारण मानण्यासारखे दुसरे काही नव्हते.

अलिबागेस इंजिन थंड व्हावे म्हणून थांबलो. येथील किल्ला सर्वांस ठाऊक आहे. परंतु किनाऱ्यानजीकच्या चुंबकीय वेधशाळेकडे पाहुण्यांचे पाय क्वचितच वळतात. आम्हीही ती बाहेरूनच पाहिली. तिची हकीकत मात्र मुलीस सांगितली, ती येथेही सांगतो, कारण आमच्या मोटारीच्या दुखण्याचे मर्म तीत होते आणि सांगताना आम्हांस त्याची वार्ताही नव्हती.

मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा १८२६ मधील. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने १८४१ पासून होत असत. पुढे शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे घाटू लागले. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते. परंतु तिला परत जाण्याची वाट असते ती खालच्या रुळांतून. रूळ जमिनीवरच असल्यामुळे परतणारी काही वीज जमिनीत शिरून भलत्या वाटांनी भटकते. विजेचा प्रवाह जेथून जातो तेथे चुंबकत्व उत्पन्न होते, तेव्हा या भटक्या प्रवाहांनी वेधशाळेचे नाजूक काटे फसू लागणार, हे उघड होते. तत्कालीन संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली. पोरबंदरचा चुंबकरहित दगड वापरून, लोखंड वर्ज्य करून इमारती उभारल्या आणि १९०४ मध्ये येथे काम सुरू झाले. जुन्या व नव्या मापनांचा मेळ बसावा म्हणून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. विजेची ट्राम मुंबईत धावली ती ७ मे १९०७ रोजी. म्हणजे संकट येण्यापूर्वीच त्याची तरतूद झाली होती. ट्राम १९६४ साली बंद झाल्या, वेधशाळा चालूच आहे.

पुढे नागाव लागले. थोर गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२५ साली याच गावी झाला. तरुणपणी ते मुंबईच्या त्याच कुलाबा वेधशाळेत नोकरीस होते. चौल मागे पडले, रेवदंडा आले. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इ. स. १४६९ च्या सुमारास चौल बंदरी उतरला, तो विकावयास एक घोडा बरोबर घेऊन आला होता. जुन्नरास तेथील अधिकाऱ्याने तो घोडा काढून घेतल्यामुळे बिचाऱ्यास मोठा घोर लागला. वाहनाची चिंता वाहणारे या वाटेवर आम्हीच पहिले नव्हे, एवढेच त्यावरून मनास समाधान मिळाले.

कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडून कोर्लईचा किल्ला उजवीस टाकला. काशीदच्या अलीकडे रस्ता डोंगराच्या कडेने चढतो, एका अंगास झाडी व दुसऱ्या अंगास खाली समुद्र. नेमकी त्या चढावर, वळणाच्या तोंडाशी मोटार बंद पडली. हातब्रेक पुरेसा धरीना; गाडी बोट बोट मागे सरू लागली. आम्ही पायाने ब्रेक दाबून धरला, बंधूंनी खाली उडी टाकून मागील चाकाला धोंडा लावला. इतक्यात वरून एस. टी. ची गाडी वळणावर आली. चालकाने प्रसंगावधान राखून ती थांबविली म्हणूनच आज हा लेख लिहीत आहो. आई मागील आसनावर डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत होती. तिने आम्हांस एका शब्दानेही दूषण दिले नाही, आणि तेच अधिक लागले.

त्यानंतर रस्त्याच्या कडेस आम्हां भावांचे जे बोलणे झाले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. वर्षभर पोटात साठलेले सर्व बाहेर आले. मोटारीवरून सुरू झालेला विषय वडिलांच्या आजारपणात कोण किती जागला येथपर्यंत जाऊन पोहोचला. आम्ही रागारागाने पुनःपुन्हा किल्ली फिरवीत होतो, इंजिन कण्हत होते. मध्येच कन्येने चोकची मूठ आत ढकलण्यास हात नेला आणि “आई गं!” म्हणून झटकन मागे घेतला. “बाबा, ही तार चटका देते आहे,” ती म्हणाली. “तू गप्प बैस,” असे आम्ही दोघे एकदमच म्हणालो. त्या दिवशी आम्हां भावांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच बाबतीत.

अर्ध्या तासाने गाडी आपण होऊन सुरू झाली. दिवेलागणीस नांदगावी पोहोचलो, दिवे लावले मात्र, तो सिद्धिविनायकाच्या देवळाजवळ ती जी थांबली ती थांबलीच. रात्री तेथेच एका घरी उतरण्याची सोय झाली. घरधन्याने मुरुडच्या एका मोटार-वायरमनला दूरध्वनी केला. तो सकाळी येतो म्हणाला.

नांदगाव हे नाव ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात मोठे आहे. केशव दैवज्ञ व त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ हे येथलेच. जुन्या ग्रंथांच्या गणिताने ग्रह जेथे यावेत तेथे आकाशात ते दिसत नाहीत, हे केशव दैवज्ञांनी स्वतः वेध घेऊन पाहिले आणि शके १४१८ मध्ये ‘ग्रहकौतुक’ रचले. पुत्राने त्यापुढे जाऊन शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. त्यात ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळून गणित इतके सुलभ केले की, शेकडो वर्षे महाराष्ट्रातील पंचांगे त्यावरून होत राहिली. काळाच्या ओघात त्याचेही गणित आकाशाशी जुळेनासे झाले. तेव्हा १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली ती सकाळी ज्यांचे गाव आम्ही ओलांडले त्या केरो लक्ष्मण छत्रे यांनी. एकाच किनाऱ्यावरील ही माणसे. ग्रंथ काय म्हणतो याआधी आकाशात काय दिसते ते पाहावे, ही त्यांची रीत. रात्री हे सर्व आम्ही कन्येस मोठ्या अभिमानाने सांगितले. ती निमूटपणे ऐकत होती आणि भाजलेल्या बोटावर फुंकर घालीत होती. आमच्या ध्यानात तेव्हाही काही आले नाही.

सकाळी वायरमन आला. पंचविशीतील तरुण, मागे बांधलेली एक पिशवी. आम्ही बदललेल्या भागांची यादी त्यास सांगू लागलो. त्याने ती शांतपणे ऐकली आणि विचारले, “काका, बंद पडते तेव्हा कुठं गरम लागतं का?”

आम्ही व बंधू एकमेकांकडे पाहू लागलो. कन्या पुढे होऊन म्हणाली, “चोकची तार.” आणि तिने बोट दाखविले.

तो तरुण हसला. “मग झालं की. हिला कळलं, तुम्हाला कळलं नाही.” त्याने पिशवीतून एक जाड तार काढली, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूस आणि दुसरे थेट इंजिनाच्या अंगास लावले. “फिरवा किल्ली.” पहिल्याच फेरीस इंजिन असे सुरू झाले की, वडिलांच्या वेळचा तो आवाज ऐकून आई ओसरीवरून उठून अंगणात आली.

मग त्याने समजावून सांगितले ते असे. घरात विजेच्या दिव्यास दोन तारा असतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. मोटारीत दिव्याला किंवा कॉइलला तार बहुधा एकच. परतीची तार म्हणजे मोटारीचे लोखंडी अंग. इंजिन रबरी बैठकांवर बसविलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी जोडलेली असते, तिला ‘अर्थिंग’ म्हणतात. ठिणगीची वीज, स्टार्टरची वीज, बॅटरी भरणारी वीज, या सर्वांचा फेरा त्या वीतभर पट्टीवाटेच पुरा होतो. ती बिघडली की वीज दुसरी वाट शोधते. आमच्या मोटारीत तिला चोकची बारीक तार सापडली होती. स्टार्टरचा मोठा प्रवाह त्या बारीक तारेतून जाऊ लागला म्हणजे ती तापणारच.

पोत्यावर निजून तो गाडीखाली सरकला आणि पट्टी सोडून बाहेर घेऊन आला. एक टोक हिरव्या कळंकाने भरलेले. आणि ज्या ठिकाणी ते बॉडीस आवळले होते तेथे खाली चकचकीत निळा रंग! दोन वर्षांपूर्वी आम्ही हौसेने मोटारीस रंग लावून घेतला होता. सणापूर्वी हवी म्हणून घाई केली. पट्टी रंगावरच आवळली गेली; उरलेले काम दादरच्या खाऱ्या हवेने केले. मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि जेथे तांबे व लोखंड एकमेकांस भिडतात तेथे तशा ओलीत लोखंड झपाट्याने झिजते. तेव्हा दोष मोटारीचा नव्हता, करणाऱ्या कारखान्याचाही नव्हता, तिच्या वयाचा तर नव्हेच. आमच्या हौसेचा होता.

“वीज जाते ती सगळे बघतात,” पट्टी कानशीने घाशीत तो सहज म्हणाला, “परत येते ती कोण बघतो?”

गणिताची आवड असलेल्या वाचकांसाठी एक हिशेब देतो. स्टार्टर फिरताना शंभर अँपिअरच्या घरात प्रवाह लागतो. सांध्यात ओहमच्या विसाव्या हिश्शाइतका रोध उत्पन्न झाला, तरी शंभर अँपिअरांस पाच व्होल्ट तेथेच खर्ची पडतात; बारांतून सातच उरतात. इतका अल्प रोध डोळ्यांस दिसत नाही. पण इंजिन फिरत असता बॅटरीची ऋण बाजू व इंजिन यांमधील व्होल्ट मोजावे. अर्ध्याहून अधिक आले तर परतीच्या वाटेत दोष समजावा. उपाय सोपा आहे: पट्टी सोडून दोन्ही टोके व खालचे लोखंड चकाकेपर्यंत घासावे, घट्ट आवळावे आणि वर व्हॅसलिन चोपडावे. समुद्रकाठी राहणारांनी हे वर्षातून दोनदा करावे. आम्ही कॉइल, कंडेन्सर व बॅटरी यांवर जो पैसा ओतला तो या कानशीच्या चार फेऱ्यांनी वाचला असता.

त्या तरुणाने मजुरी घेतली ती इतकी थोडी की आम्हांस संकोच वाटला. आईने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. “बाळा, गोड बोल,” ती म्हणाली; आणि मग आम्हां दोघांच्या हातांवरही एक एक वडी ठेवून, काही न बोलता आत निघून गेली.

पुढील प्रवास थोडक्यात सांगतो. आगरदांड्याहून जंगरीवर मोटार चढवून राजपुरीची खाडी ओलांडली. जंजिरा दुरून पाहिला. दिघी, बोर्ली, दिवेआगर, आणि तेथून शेखाडीवरून श्रीवर्धनकडे जाणारा समुद्राच्या कुशीतला तो रस्ता, ज्याचे वर्णन करण्याचा मोह आम्ही आवरतो. पेशव्यांच्या भट घराण्याच्या श्रीवर्धनात वादळाने मोडलेल्या पोफळीच्या वाड्यांतून पुन्हा लागवड झालेली दिसली. पोफळ फळास यावयास पाच-सात वर्षे लागतात. एका वाडीत एक वृद्ध गृहस्थ रोपांस पाणी सोडीत होते, ते आम्ही मुद्दाम थांबून पाहिले.

हरिहरेश्वरी प्रघातानुसार आधी काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे दर्शन घेतले. डोंगरामागील खडकांवरून, ओहोटीच्या वेळीच करता येणारी प्रदक्षिणा आईच्या गुडघ्यांस शक्य नव्हती. ती देवळाच्या पायरीवर बसून राहिली. आम्ही दोघे भाऊ कन्येस घेऊन गेलो. खडक निसरडे होते, तेव्हा एकमेकांचा हात धरावा लागला. काशीदच्या चढावर जे बोललो त्याविषयी कोणीच काही काढले नाही. शेवटच्या पायऱ्यांवर बंधू एवढेच म्हणाले, “दादा, पट्टी मी दर सहा महिन्यांनी घाशीत जाईन. तू विसरशील.”

आम्ही बरे म्हटले. मग कन्येकडे वळून, आदल्या दिवशी तिचे ऐकले नाही त्याबद्दल तिची क्षमा मागितली. तिने बोट दाखविले; फोड बसत आला होता.

परतताना रात्र झाली. दिवे लावले, ते मंद झाले नाहीत. मागील आसनावर आई सौ.च्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. चार्जिंगचा तांबडा दिवा विझलेलाच राहिला, आणि मोटार एकदाही न थांबता घराच्या वाटेने धावत होती.